ज्यांचे घर बुडते, त्यांची खुर्ची कुठे?



एक चित्र तुमच्यापैकी अनेकांनी मोबाईलवर पाहिले असेल. कोट-टाय घातलेला एक गृहस्थ गुडघाभर समुद्राच्या पाण्यात उभा आहे. पँट वर दुमडलेली. पुढ्यात भाषणाचे मेज, मागे झेंडे आणि सभोवार पाणीच पाणी. पोरे ते चित्र बघून हसतात. हसण्यासारखे ते आहेही. पण तो गृहस्थ गंमत करत नव्हता. ते तुवालू या देशाचे त्या वेळचे परराष्ट्रमंत्री सायमन कोफे. नोव्हेंबर २०२१ मध्ये स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात हवामान बदलावर जागतिक परिषद भरली होती. त्या परिषदेसाठी त्यांनी हे भाषण पाण्यात उभे राहून चित्रित करून पाठवले होते.

तुवालू हा देश आपल्या नकाशावर टिंबाएवढासुद्धा दिसत नाही. प्रशांत महासागरातली नऊ बेटे, सगळी मिळून जमीन २६ चौरस किलोमीटर आणि वस्ती ११ हजारांच्या आसपास. वरळीच्या १२१ बीडीडी चाळींत एके काळी याहून कितीतरी जास्त माणसे राहत होती. एवढासा हा देश, पण तो देश आहे. त्याचा झेंडा आहे, संयुक्त राष्ट्रसंघात त्याला एक मत आहे. अमेरिकेलाही एकच आणि तुवालूलाही एकच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

ही बेटे पोवळ्यांची. बहुतेक जमीन समुद्रापासून दोन-तीन मीटरच उंच. नदी नाही, डोंगर नाही. प्यायला पावसाचे टाकीत साठवलेले पाणी आणि जमिनीखाली गोड्या पाण्याचा एक पातळ थर. त्या थरापर्यंत खड्डे खणून लोक पुलाका नावाचा, आपल्या अळूच्या जातीचा कंद लावतात. तेच त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न. समुद्र वर आला की जमीन बुडण्याच्या कितीतरी आधी तो खालून शिरतो. पाणी खारट होते, पुलाका सडतो. घर अजून उभे असते, पण त्यात राहणे संपलेले असते.

पाणी समोर आहे आणि ते पिता येत नाही, याचा अर्थ आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावा लागत नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब कशासाठी गेले होते, हे आपल्या घरातले लहान मूलही सांगेल. दोन्ही गोष्टी एक नव्हेत, हे खरे. तिथे माणसाने रूढी करून पाणी अडवले, इथे पाणी खारे झाले. पण तेही आपोआप खारे झालेले नाही. कुणीतरी ते केले आहे आणि करणारा फार लांब राहतो.

समुद्र वाढतो म्हणजे काय, असे मुलांनी विचारले तर त्यांना असे सांगा. ताप मोजायच्या काचेच्या नळीत पारा चढतो, कारण ऊब लागली की तो फुगतो. समुद्राचेही तसेच आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्याने जो वायू हवेत साठतो, त्याने पृथ्वीवरची उष्णता घोंगडीखाली कोंडावी तशी कोंडली जाते. या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्राने पोटात घेतली आहे. पाणी तापते आणि फुगते. दुसरे कारण बर्फ. ग्लासातल्या सरबतावर तरंगणारा बर्फ विरघळला म्हणून सरबत उतू जात नाही, पण बाहेरून खडे टाकत राहिलात तर उतू जाईल. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या जमिनीवर बसलेला बर्फ हा असा बाहेरून पडणारा खडा. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटरने वाढली, म्हणजे जवळजवळ वीतभर. अलीकडे तो वेगही वाढला आहे. वीतभर पाणी ते काय, असे टेकडीवरच्या बंगल्यात राहणाऱ्याला वाटेल. नाल्याकाठी राहणाऱ्या आयाबहिणींना विचारा. २६ जुलै २००५ ला भरतीची वेळ आणि पाऊस एकत्र आले तेव्हा पाणी कुठून घरात शिरले, हे त्या सांगतील.

आता मूळ विषयाकडे येतो. हवामान बदलाच्या वाटाघाटी तीस-पस्तीस वर्षे चालू आहेत. या वाटाघाटींत समुद्राची आणि समुद्राकाठच्या माणसाची बाजू कुणी मांडली? मोठ्या देशांनी नव्हे. ती मांडली या टिंबाएवढ्या देशांनी. कशी, ते मुद्दाम सविस्तर सांगण्यासारखे आहे.

सुरुवात आपल्या शेजारच्या मालदीवपासून झाली. (जाता जाता सांगतो, बाराव्या शतकापर्यंत मालदीवमध्ये बौद्ध धम्म नांदत होता. तिथल्या काशिधू बेटावरच्या उत्खननात विहाराचे अवशेष निघाले आहेत.) एप्रिल १९८७ मध्ये मालदीवची राजधानी माले मोठ्या लाटांनी भरून गेली. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात तिथले अध्यक्ष मौमून अब्दुल गयूम संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत उभे राहिले आणि आमचा देशच नाहीसा होऊ शकतो, ही गोष्ट त्यांनी जगाच्या कानावर घातली. नोव्हेंबर १९८९ मध्ये त्यांनी मालेमध्येच लहान देशांची परिषद भरवली. विषय एकच, वाढता समुद्र. पुढच्या वर्षी, १९९० मध्ये, जिनिव्हाच्या जागतिक हवामान परिषदेच्या वेळी या देशांनी आपली आघाडी उभी केली. लहान बेट-राष्ट्रांची आघाडी. आज तिचे ३९ सभासद आहेत.

या आघाडीचे पहिले अध्यक्ष कोण होते, हे वाचून तुम्हाला नवल वाटेल. ते कुठल्या बेटावरचे नव्हतेच. रॉबर्ट व्हॅन लिएरोप हे न्यूयॉर्कचे कृष्णवर्णीय वकील. मोझांबिकच्या स्वातंत्र्यलढ्यावर त्यांनी माहितीपट काढला होता. वानुआतू हा बेटांचा देश १९८० मध्ये स्वतंत्र झाला. संयुक्त राष्ट्रसंघात पाठवायला त्याच्याकडे माणसे नव्हती, पैसा नव्हता. तेव्हा त्याने या वकिलाला आपला राजदूत केले. वकिलीचे शिक्षण अन्यायाविरुद्ध वापरायचे ही परंपरा आपल्याला परकी नाही. ग्रेज इनमध्ये जाऊन कायदा शिकलेल्या एका महापुरुषाने तो कुणासाठी वापरला, हे आपण जाणतोच.

१९९१ मध्ये, जागतिक करार अजून लिहिला जात असतानाच, वानुआतूने आघाडीच्या वतीने एक साधी मागणी मांडली. जे देश धूर सोडून श्रीमंत झाले, त्यांनी आपापल्या उत्पन्नाच्या आणि धुराच्या प्रमाणात एका निधीत वर्गणी भरावी. ज्यांची जमीन समुद्र नेईल, त्यांना त्यातून भरपाई मिळावी. भिशी चालवणाऱ्या बाईला हा हिशोब एका वाक्यात कळेल. श्रीमंत देशांना तो कळला नाही, किंवा फार लवकर कळला. १९९२ च्या करारात एका कलमात ‘विमा’ एवढा शब्द उरला. वर्गणी उरली नाही.

या परिषदा कशा चालतात, तेही थोडे समजून घेऊ. करारातला शब्द मताधिक्याने ठरत नाही, सर्वसंमतीने ठरतो. ज्या शब्दावर एकमत नाही, तो मसुद्यात चौकोनी कंसात ठेवतात. दोन आठवडे, शेवटी शेवटी रात्र-रात्र, या कंसांवर घासाघीस चालते. एकाच वेळी अनेक दालनांत बैठका असतात. मोठ्या देशांची शेकडो माणसे येतात, प्रत्येक दालनात एक बसवतात. लहान बेटाची तीन-चार माणसे येतात. ती किती ठिकाणी पुरी पडणार? म्हणून या आघाडीने विषय वाटून घेतले. एका बेटाचा माणूस पैशाच्या दालनात सगळ्यांसाठी बसेल, दुसऱ्याचा समुद्राच्या, तिसऱ्याचा जंगलाच्या. एकाने बोललेले ३९ जणांचे बोलणे. एकटा बदली कामगार जॉबरपुढे उभा राहिला तर त्याला गेटबाहेर काढता येते. युनियन उभी राहिली की बोलावे लागते. तसेच हे.

१९९४ मध्ये या आघाडीच्या वतीने त्रिनिदाद आणि टोबॅगोने श्रीमंत देशांसाठी पहिला बंधनकारक मसुदा दिला. २००५ सालापर्यंत कार्बन वायू २० टक्क्यांनी कमी करा, अशी त्यात मागणी होती. १९९७ मध्ये जपानच्या क्योटो शहरात करार झाला. त्यात कपात आली, पण ती पाच टक्क्यांच्या आसपास. तरीही, कागदावर आकडा घालायला भाग पाडणारे पहिले कोण, तर ही बेटे.

पण या सगळ्यात समुद्र स्वतः कुठे होता? १९९२ च्या करारात महासागराचे नाव आहे, किनारपट्टीचेही आहे. नाव आहे, पण बैठकीच्या विषयपत्रिकेवर जागा नाही. जंगलांसाठी स्वतंत्र वाटाघाटी झाल्या, नियम झाले, पैशाची व्यवस्था झाली. समुद्र मात्र आपण सोडलेल्या कार्बन वायूचा सुमारे चौथा हिस्सा गुपचूप शोषत राहिला. त्याने त्याच्या पाण्याची आम्लता वाढत गेली, पोवळ्यांना आणि शिंपल्यांना कवच बांधणे जड जाऊ लागले, आणि वाटाघाटीतल्या लोकांना वाटले की समुद्र आहेच सहन करायला. घरात एखादी बाई सगळ्यांचे करते, म्हणून तिची दुखणी कुणी विचारत नाही, तशातली ही गत.

यात बदल व्हायला पंचवीस वर्षे लागली. २०१५ च्या पॅरिस करारात प्रास्ताविकात महासागराचा उल्लेख आला. २०१७ मध्ये फिजी या बेट-देशाकडे परिषदेचे अध्यक्षपद आले. एवढी मोठी परिषद भरवायला फिजीत जागा नाही, म्हणून ती जर्मनीतल्या बॉनमध्ये भरली. सभागृहाच्या दारात मात्र फिजीची शिडाची पारंपरिक होडी मांडली होती. समुद्राला वाटाघाटींत कायमची वाट मिळावी, ही मोहीम फिजीने तिथे सुरू केली. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या शास्त्रज्ञांचा समुद्र आणि बर्फ यावरचा खास अहवाल आला. त्याच वर्षी माद्रिदच्या परिषदेने समुद्रावर एक चर्चा घ्यायचे ठरवले आणि २०२१ मध्ये ग्लासगोने ती चर्चा दरवर्षी व्हावी असा निर्णय केला. आता ती दर जूनमध्ये बॉनला होते.

चर्चा! तेवढेच? असे तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणतो. चर्चेत निर्णय होत नाहीत, पैसे ठरत नाहीत. पण ज्याला आजवर ओसरीवरही उभे केले नव्हते, त्याला आत बसायला पाट मिळाला आहे. पुढची पायरी ताटाची.

दुसरा लढा आकड्याचा होता. पृथ्वीची उष्णता दोन अंशांपर्यंत वाढली तरी चालेल, असे मोठ्या देशांनी मनात धरले होते. बेटांनी सांगितले, आम्हाला दीड अंशाच्या वर जगता येत नाही. अर्धा अंश म्हणजे कुणाला क्षुल्लक वाटेल, पण पोवळ्यांची बहुतेक सगळी रांग मरणे आणि थोडी तरी वाचणे यातला तो फरक आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये मालदीवच्या मंत्रिमंडळाने पाणबुड्यांचे पोशाख घालून समुद्राच्या तळाशी बैठक घेतली, ती यासाठीच. दोन महिन्यांनी कोपनहेगनची परिषद भरली.

या परिषदेत जे झाले, ते आपल्याला जरा अडचणीत टाकणारे आहे. तरी सांगितले पाहिजे. तुवालूने तिथे मागणी केली की, कायद्याने बांधणारा नवा करार करा आणि त्यात भारत-चीनसारख्या मोठ्या विकसनशील देशांवरही जबाबदारी येऊ द्या. या मागणीला विरोध करणाऱ्यांत चीन होता, सौदी अरेबिया होता आणि आपला भारतही होता. गरीब देशांची जी मोठी आघाडी म्हणवते, तिच्यातच ही फूट पडली.

आपल्या देशाची बाजू खोटी आहे का? नाही. आजवर जगाने जेवढा कार्बन वायू सोडला, त्यातला सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे आणि भारताचा तीन-चार टक्के. ज्याने दीडशे वर्षे चुली पेटवल्या, त्याने आधी आवरावे, हे रास्तच आहे. पण या हिशोबात आणखी एक गोम आहे. भारताचा धूर माणशी कमी आहे, असे आपले प्रतिनिधी सांगतात, तेव्हा ती सरासरी कुणामुळे कमी होते? ज्यांच्या घरी एक पंखा आणि दोन दिवे आहेत, त्यांच्यामुळे. म्हणजे उंच इमारतीतल्या साहेबाचे थंड हवेचे बिल आपल्या अंधाराआड लपते. गरिबाच्या गरिबीचा आडोसा करायचा ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना काम मिळत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे लावून धरला. मालकाविरुद्ध सगळे एक, हे ठीक. पण त्या एकीत आमची मागणी कुठे आहे? तुवालूने कोपनहेगनला विचारले ते याच जातीचे होते. आणि गोलमेज परिषदेला १९३० मध्ये बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन गेले, तेव्हाही प्रश्न हाच होता की अस्पृश्यांचे दुःख मांडायला अस्पृश्यांचाच माणूस हवा. ‘तुमच्या वतीने आम्ही आहोतच’ म्हणणाऱ्यांची तेव्हाही कमतरता नव्हती.

एकच बाजू घेऊन मोकळे होणे मात्र आपल्याला परवडणारे नाही. २०२१ मध्ये ग्लासगोला अगदी शेवटच्या घटकेला कोळशाविषयीचा एक शब्द बदलला गेला. कोळशाचा वापर ‘बंद करत नेऊ’ असे मसुद्यात होते, ते भारताच्या आग्रहाने ‘कमी करत नेऊ’ असे झाले. चीनही त्याच मताचा होता. मार्शल बेटांच्या प्रतिनिधी टीना स्टेगे यांनी आपली निराशा सभेत बोलून दाखवली आणि नाइलाजाने करार मान्य केला. त्या बाईंचे म्हणणे आपल्या काळजाला भिडते. पण चंद्रपूर, वणी, कोराडी या बाजूला आपल्यातलीच कितीतरी कुटुंबे खाणींवर आणि वीज केंद्रांवर जगतात. खाण बंद झाली तर तिथला कंत्राटी कामगार उद्या काय खाईल, याचे उत्तर त्या मसुद्यात नव्हते. बेटावरच्या बाईला आणि खाणीतल्या भावाला एकमेकांसमोर उभे करून मोकळे होणारे लोक वेगळेच आहेत. ते दोन्ही ठिकाणी नफ्यात असतात. तेव्हा कामगारांनी मागायचे ते असे की कोळसा कमी होईल त्याआधी त्या कामगाराच्या दुसऱ्या कामाची हमी करारातच लिहा.

पॅरिसच्या करारात दीड अंशाचा आकडा शेवटी आला. उष्णता दोन अंशांच्या बरीच खाली ठेवायची आणि दीड अंशासाठी प्रयत्न करायचे, असे त्याचे शब्द. ‘हानी आणि नुकसान’ असे एक स्वतंत्र कलमही आले. मात्र सोबतच्या ठरावात श्रीमंत देशांनी एक वाक्य घालून घेतले की, या कलमावरून कुणाची जबाबदारी किंवा भरपाई ठरणार नाही. अपघात झाला हे मान्य, पण गाडी कुणाची हे विचारायचे नाही.

तेव्हा बेटांनी दुसरे दार ठोठावले, न्यायालयाचे. २०२१ मध्ये तुवालू आणि कॅरिबियनमधला अँटिग्वा-बार्बुडा या दोघांनी मिळून एक आयोग स्थापला आणि जर्मनीतल्या हँबुर्गच्या आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणाला प्रश्न विचारला. १९८२ च्या सागरी कायदा करारात समुद्र प्रदूषित करू नये असे कलम आहे. कारखान्याचे सांडपाणी खाडीत सोडणे हे प्रदूषण, हे सगळ्यांना मान्य. मग धुराड्यातला वायू हवेतून समुद्रात उतरतो आणि समुद्र बिघडवतो, ते काय? २१ मे २०२४ ला न्यायाधिकरणाने मत दिले की तेही प्रदूषणच, आणि ते रोखणे हे देशांचे कायदेशीर कर्तव्य आहे. भारताने या सागरी कराराला १९९५ मध्ये मान्यता दिली आहे. अमेरिकेने आजवर दिलेली नाही.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांची आहे, आणि आपल्या मुलामुलींना ती जरूर वाचून दाखवा. २०१९ मध्ये वानुआतूत दक्षिण प्रशांत विद्यापीठातल्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी वर्गातल्या अभ्यासातून एक कल्पना काढली. हवामान बदलाबाबत देशांची कायद्याने काय जबाबदारी आहे, हे जगातल्या सर्वोच्च न्यायालयालाच विचारू या. पण तिथे विद्यार्थ्याला प्रश्न विचारता येत नाही, आमसभेला येतो. म्हणून त्यांनी आधी आपल्या सरकारांना पत्रे लिहिली. वानुआतू सरकारने विषय उचलला, देश जोडत नेले. सुरुवातीला सांगितले ना, प्रत्येक देशाला एक मत, ते इथे कामी आले. २९ मार्च २०२३ ला आमसभेने तो ठराव एकही विरोध न होता मंजूर केला. २३ जुलै २०२५ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एकमताने मत दिले. हवामान सांभाळणे ही देशांची मर्जी नसून कायदेशीर जबाबदारी आहे, ती मोडली तर भरपाईचा प्रश्नही उभा राहू शकतो आणि एखाद्या देशाची जमीन बुडाली म्हणून तो देश आपोआप संपत नाही. हे सल्लागारी मत आहे, त्याने उद्या कुणाच्या घरावर जप्ती येणार नाही. पण पुढच्या प्रत्येक परिषदेत बेटांच्या माणसाच्या हातात आता अर्ज नाही, कायद्याचा कागद आहे.

आणि पैसा? १९९१ ची ती वर्गणीची मागणी आठवा. २०२२ मध्ये इजिप्तच्या शर्म अल-शेख येथील परिषदेत हानी-नुकसान निधी मान्य झाला. एकतीस वर्षांनी. २०२३ मध्ये दुबईला तो सुरू झाला आणि देशांनी मिळून सुमारे ७० कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. गरजेपुढे ती रक्कम चिमूटभर आहे. ती ऐच्छिक आहे, आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिका त्या निधीच्या मंडळातून बाहेर पडली.

दरम्यान तुवालूच्या लोकांनी दुसरीही तजवीज करून ठेवली. त्यांच्या देशाने ऑस्ट्रेलियाशी केलेला करार २०२४ मध्ये अमलात आला. त्याप्रमाणे दरवर्षी २८० जणांना तिथे जाऊन राहता येते. २०२५ मध्ये त्यासाठी पहिली सोडत निघाली तेव्हा देशातल्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांची नावे पहिल्या काही दिवसांतच आली. कुणाला हौस नसते हो घर सोडायची. खेड्यातून मुंबईला आलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांना तरी कुठे होती.

पैसा आला तरी तो कुणाच्या हातात पडतो, हा आपल्या दृष्टीने सगळ्यात मोठा प्रश्न. २००४ ची त्सुनामी हवामान बदलाने आली नव्हती, ती भूकंपाने आली. पण तिने किनाऱ्यावरचा समाज उघडा करून दाखवला. तामिळनाडूच्या नागपट्टणम भागात मदत वाटताना दलितांना वेगळे काढले गेले, हे मानवी हक्क संघटनांनी तेव्हाच नोंदवले आहे. त्यात एक मुद्दा हिशोबाचा होता. नुकसान मोजले गेले होडीचे आणि जाळ्याचे. ज्याच्या मालकीची होडी नाही, जो दुसऱ्याच्या होडीवर किंवा मिठागरात रोजाने जातो, त्याचे कागदावर काही बुडालेच नव्हते.

आपल्याकडेही अरबी समुद्र तापतो आहे आणि त्यामुळे त्यातली चक्रीवादळे वाढली आहेत, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. पुढच्याच वर्षी १७ मे ला ‘तौक्ते’ वादळात मुंबईपासून दूर समुद्रात पी-३०५ हा कामगारांचा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. सत्तरहून अधिक कामगार गेले. वादळाची सूचना आधी दिलेली होती. ती माणसे हवामान परिषदेच्या कुठल्या दालनात मोजली जातात? बेटावरची नव्हेत, मच्छीमार नव्हेत, किनाऱ्यावर त्यांचे घरही नव्हते. समुद्रावर रोजंदारीला गेलेली माणसे ती. वादळानंतर पंचनामा घराचा होतो, बागेचा होतो, होडीचा होतो. बुडालेल्या रोजाचा सहसा होत नाही.

म्हणून कोकणात, मुंबईच्या खाड्यांकाठी आणि मिठागरांच्या बाजूला राहणाऱ्या वाचकांना एक विनंती. भाड्याची पावती, विजेचे बिल, रेशनकार्ड, मुकादमाच्या हजेरीची नक्कल किंवा फोटो, मजूर म्हणून कुठे नोंदणी झाली असेल तर तिचा कागद, हे सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंचावर ठेवा. मोबाईलमध्ये फोटो काढून नात्यातल्या दुसऱ्या गावच्या माणसाकडेही पाठवा. तलाठी पंचनाम्याला आला की यादीत आपले नाव कुठल्या रकान्यात लिहिले ते वाचून घ्या. वाचता येत नसेल तर विहारातल्या शिकलेल्या मुलीला बरोबर घ्या. रकाना नसेल तर कोऱ्या कागदावर बुडालेल्या दिवसांचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.